एक कंठ, दोन भाषा
(नभोवाणीवरील भाषण)

नभोवाणीच्या मायक्रोफोनपुढे बसणाऱ्या माणसाला पहिला धडा मिळतो तो असा, की येथे आपल्या चेहऱ्याचा काही उपयोग नाही. हातवारे, भिवयांची उचल, ओठांवरील हसू, श्रोत्यांकडे टाकलेला कटाक्ष ही वक्त्याची सारी शस्त्रे दाराबाहेर ठेवूनच आत यावे लागते. उरतो तो केवळ आवाज. आणि तरीही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो! मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' ज्यांनी ऐकले, त्यांतील बहुसंख्यांनी बाळ कुडतरकरांना किंवा नीलम प्रभूंना कधी पाहिले नसेल. परंतु टेकाडे भावजी कसे बसत असतील आणि मीनावहिनी पदर कसा खोचत असतील, याविषयी घरोघरी प्रत्येकाची खात्री असे. डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच असतो. कानांनी पाहिलेली माणसे मात्र ऐकणाऱ्यांच्या संख्येइतकी असतात.

आज ज्या व्यवसायाविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, तो याच नवलावर उभा आहे. दोन भाषांत अभिनय करणारा नट आणि दुसऱ्याच्या मुखाला आपला आवाज देणारा कलावंत, अशी ही दुहेरी वृत्ती. तिचे स्वरूप समजावून घेण्यासाठी मी श्री. शरद केळकर यांच्या कारकिर्दीचे उदाहरण घेणार आहे. त्याला कारणे दोन. एक, ते आपल्यापैकी आहेत. म्हणजे महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी वस्तीतून, ग्वाल्हेरहून आलेले आहेत. आणि दुसरे असे, की आज ज्यांच्या आवाजाची एवढी ख्याती आहे, त्यांची वाणी एके काळी अडखळत होती.

परंतु प्रथम थोडा मागील इतिहास पाहिला पाहिजे. मूकपटाच्या काळी भाषेची अडचण अशी नव्हतीच. दोन दृश्यांमधील मजकुराच्या पाट्या बदलल्या, की तोच पट पुण्यात, कलकत्त्यात किंवा मद्रासेत सारखाच चाले. १९३१ साली 'आलम आरा' आला, पडदा बोलू लागला, आणि त्याच दिवशी त्याच्याभोवती भाषेचे कुंपण पडले. मराठीत बोलपट काढावा तर उत्तरेचा प्रेक्षक जातो, हिंदीत काढावा तर घरचा प्रेक्षक हिरमुसतो. मग आपल्या निर्मात्यांनी काय केले? त्यांनी एकच चित्रपट दोनदा घेतला.

१९३२ साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' तयार केला, तो या रीतीने. त्याचीच हिंदी आवृत्ती 'अयोध्या का राजा'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे आणि तारामती झालेल्या दुर्गाबाई खोटे दोन्ही आवृत्त्यांत तेच. देखावा तोच, पोशाख तोच, दिव्यांची मांडणी तीच. एकदा प्रसंग मराठीत घ्यावयाचा आणि एकदा हिंदीत. म्हणजे तारामतीला तोच शोक दोनदा करावा लागे! ज्यांना अभिनयाची थोडी ओळख आहे, त्यांना हे किती अवघड असेल याची कल्पना येईल. शब्द बदलला की वाक्यातील भर बदलतो, भर बदलला की श्वासाची जागा बदलते, आणि श्वासाची जागा बदलली की अश्रू भलत्याच क्षणी येऊन उभा राहतो.

पुढे हीच प्रथा रूढ झाली. १९३७ सालचा 'कुंकू' हिंदीत 'दुनिया न माने' झाला, आणि शांता आपटे व केशवराव दाते या दोघांनी दोन्ही भाषांत आपल्या भूमिका निभावल्या. १९४१ सालच्या 'शेजारी'त मात्र एक मोठी बोधप्रद गोष्ट दिसते. दोन वृद्ध मित्रांची ही कथा. एक हिंदू, दुसरा मुसलमान. मुसलमान मित्राची भूमिका गजानन जागीरदार यांनी मराठीतही केली आणि 'पडोसी' या हिंदी आवृत्तीतही केली. हिंदू मित्र मात्र मराठीत केशवराव दाते होते, तर हिंदीत मझहर खान. एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांत एक नट कायम राहिला आणि दुसरा बदलला. तेव्हापासून दुभाषी नटाची खरी कसोटी ठरली ती ही: याची जीभ दोन्ही तीरांना लागते काय?

ध्वनिमुद्रणाचे तंत्र जसजसे प्रगत झाले, तसतसा आवाज आणि देह यांचा संबंध सैल होत गेला. चित्र एके दिवशी घ्यावे आणि ध्वनी दुसऱ्या दिवशी, हे शक्य झाले. गाण्यांत तर गाणारा एक आणि ओठ हलविणारा दुसरा, ही गोष्ट आपल्या अंगवळणीच पडली. मग जे गाण्यात होते ते बोलण्यात का होऊ नये? यातूनच एका भाषेतील चित्रपटाला दुसऱ्या भाषेचा आवाज देण्याची विद्या, जिला व्यवहारात 'डबिंग' म्हणतात, ती वाढीस लागली. चित्रपट दोनदा घेण्याचा खर्च वाचला. मात्र दोनदा अभिनय करण्याचे कष्ट वाचले नाहीत. ते केवळ दुसऱ्या माणसाच्या अंगावर गेले.

हे काम चालते कसे? भिंतींना ध्वनिशोषक आवरण लावलेली एक लहानशी खोली असते. समोर पडदा, कानांवर श्रवणयंत्र, पुढ्यात संवादांचे कागद. पूर्वी चित्रपटाच्या फितीचा एक तुकडा टोकाला टोक जोडून गोल फिरवीत, म्हणजे तेच वाक्य पुनःपुन्हा पडद्यावर येई. आज ते काम संगणक करतो. मूळ नट आपल्या भाषेत बोलत असतो. त्याचा स्वर कानांत घ्यावयाचा, त्याच्या ओठांवर डोळा ठेवावयाचा आणि आपल्या भाषेतील वाक्य त्याच्या मुखात असे बसवावयाचे, की आरंभ आणि शेवट दोन्ही चुकू नयेत. बरे, समोर संवादाला दुसरा नट असतो म्हणावे, तर तोही बहुधा नसतो. त्याचे संवाद कोणी दुसऱ्याच दिवशी येऊन बोलणार असतो. रणांगणावरील गर्जना असो किंवा मातेच्या चरणांशी केलेली विनवणी असो, ती त्या बंद खोलीत एकट्यानेच करावयाची. पळत नसता धाप लागली पाहिजे, घाव लागला नसता कण्हता आले पाहिजे, आणि हे करताना कागदाचा आवाजसुद्धा होता कामा नये!

त्यातही सर्वांत खट्याळ अक्षरे म्हणजे आपली ओष्ठ्य व्यंजने. प, फ, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटतात, आणि मिटलेले ओठ प्रेक्षकाला स्पष्ट दिसतात. मूळ नटाचे ओठ मिटले त्या क्षणी आपल्या वाक्यातही त्यांतलेच एखादे अक्षर यावे, अशी खटपट संवादलेखकाला करावी लागते. आता भाषांची घडण पहा. तेलुगू ही प्रायः स्वरान्त शब्दांची भाषा. तिचा शब्द संपतो तो उघड्या मुखाने. हिंदीत अन्त्य अकार गळून पडतो, म्हणून 'राम', 'युद्ध', 'वचन' असे शब्द व्यंजनावर येऊन थबकतात. तेलुगू वीराचे मुख अद्याप उघडे आहे आणि हिंदी शब्द तर संपला, असा पेच क्षणोक्षणी पडतो. त्यातून वाट काढणारा लेखक हा अर्धा कवी आणि अर्धा शिंपी असावा लागतो. आणि त्याने बेतलेले वस्त्र जिवंत अंगावर चढविण्याचे काम आवाज देणाऱ्याचे.

या साऱ्या विद्येचे अलीकडील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे एस. एस. राजामौळी यांचा 'बाहुबली'. त्याचा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आणि दुसरा २८ एप्रिल २०१७ रोजी प्रदर्शित झाला. गमतीची गोष्ट अशी, की या चित्रपटात जुन्या आणि नव्या दोन्ही रीती एकत्र नांदल्या. तेलुगू आणि तमिळ या दोन भाषांत तो प्रत्यक्ष चित्रित झाला, म्हणजे प्रभात कंपनीचाच मार्ग. आणि हिंदीत मात्र त्याला आवाज देण्यात आला. हिंदी संवाद मनोज मुंतशिर यांनी लिहिले, आणि नायक प्रभास यांच्या मुखातून जो धीरगंभीर हिंदी स्वर उत्तर हिंदुस्थानाने ऐकला, तो शरद केळकर यांचा. दुसऱ्या भागाच्या हिंदी आवृत्तीने पाचशे कोटी रुपयांहून अधिक निव्वळ उत्पन्न मिळविले. त्यापूर्वी कोणत्याही चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीने हा आकडा गाठला नव्हता. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर येथील चित्रगृहांत टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्यात टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, हा राजपुत्र आपल्याच बाजूच्या बोलीत वाढलेल्या माणसाच्या कंठाने बोलत आहे?

शरद केळकर यांचा जन्म १९७६ सालचा, ग्वाल्हेरचा. ग्वाल्हेर आणि मराठी भाषा यांचे नाते आपल्या श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. दौलतराव शिंदे यांच्या सैन्याची छावणी पडली तीच पुढे 'लष्कर' या नावाने नगर झाली. ख्यालगायकीची विद्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथील परंपरेतून शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. ग्वाल्हेर संस्थानाचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे यांनी महाराष्ट्राबाहेर राहूनच मराठी कवितेला नवे गेयत्व दिले. म्हणजे ग्वाल्हेरने मराठीकडून घेतले तसे तिला दिलेही आहे. अशा गावात मराठी मुलाच्या कानांवर दोन भाषा पडतात. स्वयंपाकघरात एक, रस्त्यावर दुसरी. आजीची हाक मराठीत, सवंगड्याची शिवी हिंदीत! दुभाषीपण ही तेथे शिकण्याची विद्या नव्हे, ती हवा आहे.

त्यांच्या आडनावातच हे दुभाषीपण दडलेले आहे. मराठीत आपण 'केळकर' म्हणतो. हिंदीत ते 'केलकर' असे छापले जाते आणि तसेच उच्चारले जाते. 'ळ'चा 'ल' होणे ही लहान बाब वाटेल. पण दोन भाषांत बोलणाऱ्या नटाचे सारे कष्ट अशाच लहान बाबींत असतात. आपला 'चहा'मधला 'च' दन्ततालव्य, तर 'चार'मधला तालव्य. हिंदीला हा भेद ठाऊक नाही, म्हणून हिंदीत वाढलेल्या जिभेने मराठी 'चांदणे' उच्चारले की त्याचा प्रकाश किंचित मंद होतो. 'ज्ञान' हा शब्द मराठीत 'द्न्यान' होतो आणि हिंदीत 'ग्यान'. 'है' हा शब्द हिंदीत एकाच सपाट स्वराने बोलला जातो. मराठी माणूस त्यात 'अ' आणि 'इ' असे दोन स्वर ऐकवितो, आणि त्या एका अक्षरावरून दिल्लीचा माणूस त्याला ओळखतो. दुभाषी नटाला या प्रत्येक ठिकाणी आपल्या मुखातील यंत्र क्षणात पालटावे लागते, आणि तेही विचार न करता. कारण विचार केला की अभिनय गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. केळकर यांनी प्रथम शारीरिक शिक्षणाचा आणि नंतर व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यास केला. रंगभूमीची वा आकाशवाणीची परंपरा पाठीशी घेऊन आलेला हा नट नव्हे. उंच, बांधेसूद शरीर आणि खर्जातला स्वर एवढे भांडवल घेऊन ते मुंबईस आले. पण या स्वराच्या वाटेत एक धोंडा होता. लहानपणापासून त्यांची वाणी अडखळत असे. आरंभीच्या काळात कॅमेऱ्यापुढे उभे असता शब्द बाहेर येईना, आणि हातातील भूमिका दुसऱ्याकडे गेली, ही गोष्ट त्यांनी स्वतःच मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितली आहे. नटाच्या आयुष्यात याहून मोठा आघात कोणता? चेहरा पसंत पडला, उंची पसंत पडली, आणि ज्या शब्दासाठी नटाला उभे करावयाचे, तोच ओठांशी येऊन अडला.

अडखळत बोलण्याविषयी आपल्या समाजात बरेच गैरसमज आहेत. असा मुलगा मंदबुद्धी असतो, भित्रा असतो, त्याने 'नीट सावकाश' बोलावे म्हणजे झाले, असे उपदेश घरोघरी ऐकू येतात. वस्तुतः बुद्धीशी या गोष्टीचा काही संबंध नाही. लहान मुलांत शंभरांत सुमारे पाचांना केव्हा ना केव्हा हा त्रास होतो, त्यांतील पुष्कळांचा आपोआप जातो, आणि प्रौढांत शंभरांत सुमारे एकाच्या वाट्याला तो कायम राहतो. यातील चमत्कारिक भाग असा, की बोलताना जो अडखळतो, तो गाताना बहुधा अडखळत नाही. इतरांच्या सुरात सूर मिसळून आरती म्हणताना, पाढे म्हणताना तो सहज वाहत जातो. बाहेरून मिळालेली लय त्याच्या वाणीला हात देते. केळकर यांनी जो मार्ग धरला तोही श्वासाचा आणि लयीचाच होता. वाक्य कोठे उचलावे, श्वास कोठे घ्यावा, कोणत्या शब्दावर विसावा घ्यावा, याचा त्यांनी पुन्हा मुळापासून अभ्यास केला. इतर माणसे जे न कळत करतात, ते त्यांना जाणीवपूर्वक शिकावे लागले.

आणि माझ्या मते त्यांच्या पुढील यशाचे बीज येथेच आहे. ज्याला जन्मतः वाणी प्रसन्न असते, तो तिच्याकडे लक्ष देत नाही, जसे धडधाकट माणूस आपल्या पावलांकडे पाहत नाही. ज्याला प्रत्येक वाक्य उंबरठ्यासारखे ओलांडावे लागले, त्याला वाक्याची उंची, रुंदी आणि त्यातील विसाव्याची जागा तंतोतंत ठाऊक होते. आवाज देण्याच्या खोलीत नेमकी हीच विद्या लागते. पडद्यावरचे ओठ लय देतात, ती धरून बोलावयाचे असते. जो श्वास मोजावयास शिकला, त्याला तेथे परके वाटत नाही. याचा अर्थ असा मात्र नव्हे, की प्रत्येकाचे अडखळणे प्रयत्नाने जाईलच. काहींचे जात नाही, आणि न जाण्यात त्यांचा काही दोष नाही. अशा माणसाचे वाक्य आपण पुरे करू नये, ते पुरे होईपर्यंत थांबावे, एवढे सौजन्य तरी आपल्या हाती आहे.

त्यांची पुढील वाटचाल मी थोडक्यात सांगतो. २००४ साली दूरदर्शनवरील 'आक्रोश' या मालिकेपासून त्यांचे नाव दिसू लागते. २००५ साली सुरू झालेल्या 'सात फेरे' या मालिकेतील नाहर सिंहाने त्यांना उत्तरेच्या घराघरांत पोहोचविले, आणि २००९ सालच्या 'बैरी पिया'मधील ठाकुराने त्यांच्यातील खलनायक दाखविला. मग ते चित्रपटांत आले. २०१३ साली संजय लीला भन्साळी यांचा 'राम-लीला', आणि २०१४ साली निशिकांत कामत दिग्दर्शित मराठी 'लय भारी', ज्यात त्यांनी रितेश देशमुख यांच्यापुढे खलनायक संग्राम उभा केला. हिंदीत नाव मिळविलेला ग्वाल्हेरचा नट आपल्या मायबोलीत परत आला आणि मराठी प्रेक्षकाने त्याला आपला मानले, ही गोष्ट आपणां बाहेरच्या मराठी माणसांना सुखावणारी आहे.

१० जानेवारी २०२० रोजी प्रदर्शित झालेल्या ओम राऊत यांच्या 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात ते छत्रपती शिवाजी महाराज झाले. भूमिका लांबीने लहान, पण जबाबदारी केवढी! हिंदी बोलणारे शिवाजी महाराज मराठी प्रेक्षकाच्या कानाला परके वाटण्याचा धोका होता. केळकर यांनी तो आवाज चढवून नव्हे, उतरवून टाळला. आपला राजा मित्रासमोर हळू बोलतो, हे त्यांनी ओळखले. पुढे २०२२ च्या दिवाळीत आलेल्या 'हर हर महादेव' या मराठी चित्रपटात ते बाजीप्रभू देशपांडे झाले, आणि महाराज झाले सुबोध भावे. त्या चित्रपटातील इतिहासाच्या मांडणीवर वाद झाला, तो आजचा विषय नाही. नटाच्या दृष्टीने पाहिले तर दोन वर्षांच्या अंतराने एकाच कंठाने स्वामीचाही स्वर लावला आणि सेवकाचाही. एक हिंदीत, एक मराठीत. दुभाषी कारकिर्दीचे याहून बोलके चित्र दुसरे कोणते द्यावे?

तसे एक चित्र आहे खरे, आणि ते केवळ आवाजाचे आहे. २०२१ साली आलेल्या 'द लेजेंड ऑफ हनुमान' या सचेतपट मालिकेत त्यांनी रावणाला आवाज दिला. २०२३ साली 'आदिपुरुष' या चित्रपटात प्रभास यांनी साकारलेल्या राघवाचा हिंदी आवाजही त्यांचाच. एकाच गळ्यातून रावण निघावा आणि रामही निघावा! आपल्या दशावतारी मंडळींना यात आश्चर्य वाटणार नाही. तेथे काल राक्षस झालेला नट आज देव होतो. पण त्याला निदान मुकुट आणि रंग यांचे साहाय्य असते. येथे मुकुट नाही, रंग नाही. अहंकार आणि संयम यांतील अंतर केवळ स्वराच्या वजनाने आणि वाक्यातील विरामाने दाखवावयाचे. आणि २०२० सालच्या 'लक्ष्मी' या चित्रपटात त्यांनी तृतीयपंथी व्यक्तीची छोटी भूमिका केली, तेव्हा त्याच भारदस्त आवाजाने आपले सारे वजन उतरवून ठेवले. उंच, रांगड्या शरीरातून तो कोवळा, दुखावलेला स्वर निघताना ज्यांनी ऐकला, ते तो सहजासहजी विसरणार नाहीत.

श्रोतेहो, या व्यवसायाची एक दुखरी बाजूही सांगितली पाहिजे. केळकर यांचा चेहरा लोकांना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या आवाजाला नाव मिळाले. परंतु ज्यांचा चेहरा कधी पडद्यावर आला नाही, असे कितीतरी कलावंत वर्षानुवर्षे परक्या मुखांना बोलते करीत असतात. १९८८ साली दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झाले, तेव्हा 'समय' बनून सारी कथा सांगणारा आवाज देशभर दुमदुमला. तो हरीश भिमानी यांचा, हे पुष्कळांना फार उशिरा कळले. चित्रपट संपतो, नामावळी सरकू लागते आणि आपण चपला शोधू लागतो. आवाज देणाऱ्यांची नावे असलीच तर ती बहुधा त्या शेवटच्या ओळींत असतात. पुढच्या खेपेस आपण दोन मिनिटे थांबून ती वाचावीत, एवढी विनंती मी करतो. संगणकाकडून माणसाच्या आवाजाची नक्कल करवून घेणे आज शक्य झाले आहे. अशा काळात आवाज हीच ज्यांची मिळकत, त्यांच्या नावाची नोंद होणे हे केवळ सौजन्य राहिलेले नाही, तो त्यांच्या हक्काचा प्रश्न आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या स्वतःचा आहे. बेळगावात, गोव्यात, बडोद्यात, हैदराबादेत, इंदुरात आपण जी मराठी बोलतो, तिला पुण्या-मुंबईस गेल्यावर कधी कधी हसू वाट्याला येते. 'मी जाऊन राहिलो आहे' असे वाक्य आपल्या मुलाच्या तोंडून निघाले, की समोरचा विचारतो, 'तुम्ही मूळचे कुठले?' आणि इकडे आपल्या गावी हिंदी, कानडी, गुजराती किंवा तेलुगू बोलताना एखाद्या अक्षरावरून आपण मराठी म्हणून ओळखू येतो. दोन्हीकडे थोडे बाहेरचे, अशी ही अवस्था आहे. पुष्कळ आईबाप यावर उपाय म्हणून मुलाला एकाच भाषेत वाढवितात. घरी मराठी बोललात तर याची हिंदी बिघडेल, ही भीती! याच भीतीने कित्येक घरांतून मराठी मुकाट्याने निघून गेली आहे.

दुभाषी नटाची कारकीर्द आपल्याला नेमके उलट सांगते. जिभेला दोन वळणे ठाऊक असली म्हणजे ती गोंधळत नाही. काळजीने शिकविली तर ती दोन्ही ठिकाणी अधिक सावध होते. जागीरदार दोन्ही भाषांत मिर्झा होऊ शकले, दुर्गाबाई दोन्ही भाषांत तारामती होऊ शकल्या, आणि अडखळणाऱ्या वाणीचा ग्वाल्हेरचा एक मुलगा मोठेपणी एका भाषेत महाराजांचा आणि दुसऱ्या भाषेत बाजीप्रभूंचा स्वर होऊ शकला. म्हणून आपल्या घरातील मूल 'ळ'चा 'ल' करीत असेल, तर त्याला हसू नका, आणि त्याची मराठी बंदही करू नका. त्याला जवळ घ्या, आणि 'केळकर' हे नाव 'ळ' नीट उच्चारून दोनदा म्हणून दाखवा. तिसऱ्या खेपेस ते स्वतःच म्हणेल.